पाहुण्या शहरात आपला नृत्यवर्ग

दिवाळी सरली की नाशिकमधील अनेक घरांत ज्येष्ठांच्या बॅगा भरल्या जाऊ लागतात. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला निघते, कोणी नातवंडांच्या ओढीने पुण्याला, तर कोणी सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन थेट लंडनला किंवा न्यू जर्सीला. औषधांचा डबा, चष्म्याची जादा जोडी, चिवड्याचे डबे, सारे आठवणीने भरले जाते. मागे राहतो तो आठवड्यातून दोनतीनदा नेमाने गाठलेला वर्ग. कृषीनगरच्या ट्रॅकवरचे चालणे कोणत्याही गावात चालता येते. परंतु उतारवयात मोठ्या हिमतीने सुरू केलेले कथक, गरबा, झुंबा किंवा अलीकडे काही मंडळींना खुणावू लागलेला बॅले यांचे काय करावे, हा प्रश्न या सदराकडे वारंवार येतो.

प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पायांच्या बळाचा आहे. तरुण माणसाने दोन महिने व्यायाम सोडला तर पुढील दोन महिन्यांत तो गमावलेले परत मिळवतो. सत्तरीच्या शरीराला ही सवलत नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल वजन घटल्याचे आढळले. मुलाच्या घरी आपण काही अंथरुणाला खिळत नाही, हे खरे. पण नवव्या मजल्यावरील सदनिका, अनोळखी रस्ता, ‘आई, तुम्ही बसा हो’ असा प्रेमळ आग्रह आणि समोर अखंड चालणारा दूरदर्शन संच, यांतून घडणारी बैठक त्या अंथरुणाची धाकटी बहीणच असते. तीन महिन्यांनी नाशिकरोडच्या फलाटावर उतरताना डब्याची पायरी पूर्वीपेक्षा उंच झाल्यासारखी भासते ती त्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्यासोबत तोल व ताकद वाढवणारे विविध व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. यातील दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणी मनावर घेत नाही. चालण्याने दम वाढतो. तोलासाठी मात्र एका पायावर उभे राहणे, दिशा बदलणे, मागे पाऊल टाकणे अशा गोष्टी कराव्या लागतात. नृत्यात त्या आपसूक होतात, शिवाय क्रम लक्षात ठेवावा लागतो आणि शेजारच्या माणसाशी ताल जुळवावा लागतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंच्याहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या शारीरिक हालचालींपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी शक्यतेशी आढळला. नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी तल्लख असते तेच नाचायला जातात, असेही असू शकेल. तरीही औषधाच्या गोळीबद्दल इतका अनुकूल पुरावा असता तर ती आपण एव्हाना दोन वेळा घेत असतो.

आता बॅलेविषयी. आपल्या पिढीच्या कानांवर हा शब्द पडला तो नृत्यनाट्याच्या अर्थाने. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींवर बेतलेले ‘रामायण’ रंगमंचावर आणले. सचिन शंकर यांच्या पथकाचे कार्यक्रमही अनेकांना स्मरत असतील. पाश्चात्त्य शास्त्रोक्त बॅले ही निराळी गोष्ट. मुंबईत तिचे शिक्षण देणारी तुषना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची आहे. २०२० च्या ‘ये बॅले’ या सूनी तारापोरवाला यांच्या चित्रपटामुळे मुंबईतील दोन साध्या घरांतल्या मुलांची बॅलेमधील वाटचाल घराघरांत पोचली, आणि ‘हे आपल्याकडेही शिकवतात तर!’ असे अनेकांच्या मनात आले. आले ते बरेच झाले.

चित्रपटात दिसतात त्या उड्या आणि पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभे राहणे यांच्याशी आपला काडीचाही संबंध नाही. प्रौढांच्या प्राथमिक वर्गाचा पहिला भाग भिंतीलगतच्या आडव्या लाकडी दांड्याला धरून होतो. त्या दांड्याला ‘बार’ म्हणतात; घरी सांगताना जरा सांभाळून सांगावे. त्याला हलकेच हात ठेवून गुडघे किंचित वाकवून सरळ करणे म्हणजे ‘प्लिये’, पाय जमिनीवरून न उचलता पुढे, बाजूला वा मागे सरकवून ताणणे म्हणजे ‘तांद्यू’ आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे म्हणजे ‘रेलेव्हे’. फिजिओथेरपिस्टने स्वयंपाकघरातील ओट्याला धरून करायला सांगितलेले व्यायाम आठवून पाहावेत. तेच आहेत हे. फक्त येथे पियानो वाजतो आणि पाठ ताठ ठेवण्याची आठवण दर मिनिटाला कोणीतरी करून देते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या शतकाहून जुन्या संस्थेने २०१७ मध्ये पंचावन्नपुढील वयाच्या व्यक्तींसाठी ‘सिल्व्हर स्वॉन्स’ या नावाने खास वर्ग सुरू केले, ते या पायावरच. पूर्वी कधीही न नाचलेल्यांनाही तेथे प्रवेश असतो.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्या वाचकांचे काम त्यामुळे तुलनेने सोपे आहे. लंडनचे पाइनॅपल डान्स स्टुडिओज किंवा न्यूयॉर्कचे स्टेप्स ऑन ब्रॉडवे, दोन्ही १९७९ पासूनची केंद्रे, तेथे आयत्या वेळी जाऊन एकाच तासाचे पैसे भरून वर्गात उभे राहण्याची रीतच आहे. याला ते ‘ड्रॉप-इन’ म्हणतात. आपण त्याला सुटा वर्ग म्हणू. जसे पास न काढता सुटे तिकीट काढावे तसे. मात्र ‘कोणीही यावे’ याचा अर्थ ‘कोणालाही झेपेल’ असा नसतो. खुला वर्ग हा पुष्कळदा व्यावसायिक नर्तकांच्या सरावाचा वर्ग असतो, आणि ‘बिगिनर’ या पाटीखालीही दोनतीन वर्षे शिकलेली मंडळी भेटतात. ‘अगदी पहिल्यांदाच’ किंवा ‘ज्येष्ठांसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असलेला वर्गच निवडावा. तेथे जबाबदारीपत्रावर सही करावी लागते. ते वाचल्याशिवाय सही करू नये आणि प्रकृतीविषयीचे प्रश्न लपवू नयेत. प्रवास विम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे तर नाशिकहून निघण्यापूर्वीच मुलाकडून तपासून घ्यावे.

मुंबई-पुण्यात चित्र वेगळे आहे. येथील बहुतेक नृत्यवर्ग महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शुल्कावर चालतात, आणि शिक्षकांचा ओढा साहजिकच टिकून राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे असतो. सहा आठवड्यांच्या पाहुण्याला ‘आधी तीन महिन्यांचे पॅकेज घ्या’ असे सांगितले जाते. नम्रपणे नकार द्यावा. ‘मी अमुक तारखेपर्यंतच येथे आहे, एका वेळेचे किंवा चार वेळांचे शुल्क घ्याल का?’ असे सरळ विचारले तर पुष्कळ ठिकाणी मार्ग निघतो, विशेषतः सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यानच्या वर्गांत, कारण नोकरदारांची गर्दी नसल्याने तेव्हा जागा रिकाम्या असतात. पैसे एका वेळेचेच भरावेत. परत मिळणार नाहीत अशा आगाऊ रकमेवर कितीही सूट दाखवली तरी पाहुण्याने मोहात पडू नये; नातवाला ताप आला की पहिला बळी आपल्या वर्गाचा जाणार, हे आपण जाणतोच.

शोध घ्यावा तो आंतरजालावरच्या यादीतून नव्हे, किंवा केवळ त्या यादीतून नव्हे. त्यातील अर्धे पत्ते बदललेले, वेळा जुन्या झालेल्या असतात. मुलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक ओळ टाकावी, जवळच्या फिजिओथेरपी केंद्रात चौकशी करावी, त्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर नजर टाकावी. नाशिकच्या आपल्या संघातील कोणी ना कोणी त्या उपनगरात राहून आलेले असते. त्यांच्याकडून मिळालेला एक दूरध्वनी क्रमांक दहा जाहिरातींच्या तोडीचा ठरतो. फोन सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी तीननंतर करावा. संध्याकाळी सहा वाजता शिक्षक लहान मुलांच्या गराड्यात असतात आणि उत्तर मिळते ते घाईचे.

फोनवर काय विचारावे, याचा थोडा विचार आधी करून ठेवावा. ‘प्रौढांचा वर्ग’ म्हणजे अनेक ठिकाणी सोळा किंवा अठरा वर्षांपुढील कोणीही, म्हणून वयाची अट विचारण्यापेक्षा ‘आपल्या वर्गातील सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याचे वय काय?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. उत्तर ‘पस्तीस’ आले तर तेथे उत्साह असेल, सवड नसेल. मजला कितवा, लिफ्ट चालू असते का, पायऱ्यांना कठडा आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, मध्येच दोन मिनिटे बसायला खुर्ची मिळेल का, हे विचारताना संकोच करू नये. मधुमेह असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर स्वच्छतागृहाचा प्रश्न पहिलाच असावा. शेवटी, एक वर्ग नुसता बसून पाहता येईल का, असे विचारावे. ज्या ठिकाणी होकार मिळतो तेथील शिक्षक बहुधा चांगला असतो, असा माझा अनुभव आहे. लपवण्यासारखे ज्याच्याकडे काही नसते तोच दार उघडे ठेवतो.

पाहायला गेलात की शिक्षकाकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे. सिमेंटवर थेट बसवलेल्या फरशीवर नाचणे हे गुडघ्यांना आणि कमरेला जड जाते. चांगल्या नृत्यशाळेत लाकडी तक्तपोशी असते, तिच्याखाली पोकळी ठेवलेली असते आणि वर पाय घसरू नये म्हणून विनाइलचा थर असतो. टाच हलकेच आपटून पाहावी: जमीन किंचित दबते आणि आवाज पोकळ येतो. फरशीच असेल तर उड्या, ठोके आणि झटके वर्ज्य करून केवळ दांड्याजवळचा भाग करावा. गुळगुळीत फरशीवर साधे पायमोजे घालून कधीही उभे राहू नये. मुंबईच्या पावसाळ्यात तर जिन्याजवळची ओली संगमरवरी फरशी हीच वर्गातील सर्वांत धोक्याची जागा असते.

मग शिक्षकाकडे पाहावे. तो चुकणाऱ्याला हात लावण्यापूर्वी विचारतो का? ज्याला गुडघा वाकवता येत नाही त्याला पर्याय सुचवतो का? बॅलेमध्ये पावले बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहतात. हे वळण खुब्यातून यायला हवे. ते गुडघ्यातून आणि घोट्यातून ओढून आणले तर गुडघेदुखी ठरलेलीच. ‘जेवढे सहज वळेल तेवढेच’ असे जो शिक्षक पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, त्याच्याकडे निश्चिंत मनाने जावे.

येथे कथक शिकणाऱ्या वाचकांसाठी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारतीची स्थापना केली, तेव्हापासून महाराष्ट्रात कथकाची जी पक्की परंपरा रुजली, तिच्यात सुट्या वर्गाची कल्पना बसत नाही. तेथे गुरू आणि शिष्य यांचे नाते असते, तासाचे तिकीट नसते. म्हणून दुसऱ्या शहरातील वर्गात जायचे तर आधी आपल्या नाशिकच्या गुरूंना विचारावे. पुष्कळदा त्यांच्याच गुरुभगिनीचा वर्ग तेथे असतो आणि एका फोनने दार उघडते. तसे झाले नाही तर त्या काळापुरते तत्कार घरीच, घुंगरांशिवाय आणि सतरंजीवर बसून हाताने बोल धरत करावेत आणि तोलाच्या सरावासाठी निराळा वर्ग शोधावा. पायांना मधुमेहामुळे बधिरता असेल तर अनवाणी ठोके डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याच शहरात करू नयेत.

योगवर्ग करणाऱ्यांना मुंबईत सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट ही संस्था परिचित असेल. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था अल्प मुदतीची शिबिरेही घेते आणि ती पाहुण्यांना सोयीची पडतात. पुण्यातील शिवाजीनगरची अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासूनची. दोर, खुर्च्या, तक्क्ये यांच्या आधाराने आसने करण्याची तेथील पद्धत ज्येष्ठांना मानवते. तेथे मात्र आयत्या वेळी जाऊन उभे राहता येईल, असे गृहीत धरू नये.

पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी पुण्यात झालेले काम मला विशेष मोलाचे वाटते. जर्मनीत समकालीन नृत्याचे शिक्षण घेतलेले हृषीकेश पवार यांनी पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांसाठी नृत्यवर्ग घेतले. ज्यांची पावले दारात अडखळून थिजत होती ती माणसे ताल मिळताच पाऊल उचलू लागतात, हे दृश्य ज्याने पाहिले असेल तो नृत्याला केवळ करमणूक म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ पासून अशाच वर्गांची सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्या घरात असा रुग्ण असेल आणि पुण्यात मुक्काम होणार असेल तर मित्रमंडळाशी आधी संपर्क साधावा. वर्गाची वेळ औषधाचा अंमल चांगला असतो त्या तासात बसवावी. गोळीची वेळ वर्गासाठी मागेपुढे करू नये, करायचीच झाल्यास डॉक्टरांना विचारून.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे. नाशिक सोडण्यापूर्वी एक भेट घ्यावी आणि ‘व्यायाम करू का?’ असे मोघम न विचारता ‘दांड्याला धरून गुडघे वाकवणे, टाचा उचलणे, हळू गिरकी घेणे, यांपैकी मला काय वर्ज्य?’ असे विचारावे. हाडे ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खोल पुढे वाकणे आणि पाठ पिळणे टाळायला सांगतील. खुब्याचा सांधा बदलला असेल तर पाय ओलांडून दुसऱ्या बाजूला नेण्यावर मर्यादा असू शकते. कानाच्या दोषामुळे चक्कर येत असेल तर गिरक्या नकोत. रक्तदाबाच्या गोळीमुळे जमिनीवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर जमिनीवर बसण्याचा भाग खुर्चीवर करावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात आणि उपाशीपोटी वर्गाला जाऊ नये.

पिशवीत आणखी एक चिठ्ठी असू द्यावी. आपले नाव, आजार, औषधे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा ठळक उल्लेख, मुलाचा किंवा सुनेचा क्रमांक, आणि ज्या घरी उतरलो आहोत त्याचा पूर्ण पत्ता. हा शेवटचा तपशील हास्यास्पद वाटेल. पण महिनाभर राहूनही मुलाच्या इमारतीचे नाव आणि विंग सांगता न येणारे आईवडील थोडे नाहीत. घर नेहमी मुलानेच गाडीतून दाखवलेले असते.

कपड्यांची चिंता अनेक भगिनींना वर्गापेक्षा अधिक असते. गुलाबी झालरीचा पोशाख कोणी मागत नाही. अंगासरशी बसणारी सलवार किंवा ट्रॅकपँट आणि गुडघे शिक्षकाला दिसतील इतपत आखूड कुर्ता पुरतो. ओढणी बाजूला ठेवावी, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घ्यावे आणि जोडवी काढून जावे, कारण बॅलेच्या मऊ बुटांत ती बोटांना रुततात. ते कापडी बूटही पहिल्या दिवशी विकत घेऊ नयेत. तळव्याला रबराचे ठिपके असलेले पायमोजे सुरुवातीला चालतात का, हे विचारून घ्यावे. आरशाची भीती मात्र पहिल्या दहा मिनिटांत जाते. तेथे प्रत्येक जण स्वतःच्या पावलांकडे पाहण्यात गुंतलेला असतो, आपल्याकडे पाहायला कोणाला सवड नसते.

प्रवासाचे गणित घराजवळ सुटले तर उत्तम. मुंबईत पत्ता उत्तम असून उपयोग नाही, तेथवर पोचणे सुसह्य हवे. पायी पंधरा मिनिटे किंवा एक रिक्षा, याहून दूरचा वर्ग कितीही नामांकित असो, दोन आठवड्यांत सुटतो. लोकलनेच जायचे झाले तर सकाळची आणि संध्याकाळची गर्दी चुकवावी. केवळ वर्गासाठी नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परतण्याचा उत्साह काही वाचक दाखवतात. एका दिशेला सुमारे १९० किलोमीटर बसून गेल्यावर आखडलेले पाय नाचवणे आणि पुन्हा तेवढेच बसून परतणे, यात मिळकतीपेक्षा खर्च जास्त. पुण्याला जाणाऱ्यांनी एसटीच्या सवलती लक्षात ठेवाव्यात. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. शहर बसला या सवलती लागू नाहीत. गाडीतून उतरल्यावर एक-दोन दिवस शरीराला द्यावेत, परदेशी गेल्यास आठवडाभर. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली वा दुखू लागली तर वर्ग विसरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते.

सर्वांत अवघड परवानगी मात्र घरातली. मुलाच्या घरी गेलेली आजी ही त्या घराच्या हिशेबात पूर्णवेळ उपलब्ध माणूस असते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. दोघेही नोकरीला जातात, बाळाला कोणीतरी लागते. म्हणून हा विषय तेथे पोचल्यावर नव्हे, तिकीट काढतानाच फोनवर काढावा. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा मी घरी नसेन’ एवढे स्पष्ट आणि हसतमुखाने सांगितले की सून तेवढ्यापुरती व्यवस्था करते. आयत्या वेळी सांगितले तर तीच गोष्ट रुसव्याची होते. ‘या वयात नाच?’ असे कोणी विचारलेच तर ‘फिजिओथेरपी आहे, संगीतासह’ असे उत्तर द्यावे. ते खोटेही नाही.

आणि ज्यांचा मुक्काम हौसेचा नसतो त्यांच्याविषयी. परळच्या टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी नाशिक जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे मुंबईत येऊन राहतात. कोणी नातलगांकडे, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी. पत्नीच्या किंवा पतीच्या उशाशी बसलेल्या साठी-सत्तरीच्या सोबत्याला ‘नृत्यवर्ग शोधा’ असे सांगणे क्रूरपणाचे वाटेल. तरी मी ते सांगतो. रुग्णाला उठवणे, बसवणे, स्नानगृहापर्यंत नेणे ही सारी कामे सोबत्याच्या कमरेवर आणि मांड्यांवर चालतात. त्या गळाल्या तर दोघेही पडतात. रुग्ण दुपारी दोन तास झोपत असेल तर तो तास आपला धरावा, तेवढा वेळ बसणाऱ्या माणसाची सोय आधी करावी आणि फोन चालू ठेवून जावे. केमोथेरपी चालू असेल तर काळजी एवढी घ्यावी की वर्गात कोणी खोकत-शिंकत असल्यास त्या दिवशी परत फिरावे, गर्दीत मुखपट्टी लावावी आणि परतल्यावर हात-पाय धुऊन, कपडे बदलून मगच रुग्णाजवळ जावे. त्या एका तासात आपण कोणाचेच सोबती नसतो, याचा अपराध वाटतो. पहिल्या दोन वेळांना वाटतोच.

शोधूनही वर्ग मिळाला नाही, किंवा मिळालेला पटला नाही, तर ओटा आहेच. ओटा गळत्या नळाने ओला नसावा आणि पायांखाली पायपुसणे नसावे. दोन्ही हातांची बोटे कडेवर टेकवून, पाठ सरळ ठेवून दहा वेळा गुडघे थोडे वाकवून सरळ करावेत. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला जायला हवा, आत पडता कामा नये. मग दहा वेळा टाचा सावकाश उचलाव्यात आणि त्याहून सावकाश खाली आणाव्यात. एक हात ओट्यावर ठेवून बाहेरचा पाय जमिनीवरून सरकवत पुढे, बाजूला, मागे न्यावा, प्रत्येक दिशेला पाच वेळा. मग वळून दुसरा पाय. शेवटी एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे, हात ओट्यापासून बोटभर वर. पंधरा-वीस मिनिटांत हे होते. छातीत दडपण, बोलता येणार नाही इतकी धाप किंवा गरगरणे जाणवले तर तेथेच थांबून बसावे, आणि छातीतले दडपण ओसरले नाही तर घरच्यांना हाक मारून तातडीने रुग्णालयात जावे.

परत आल्यावर नाशिकच्या वर्गात पहिला आठवडा निम्म्यानेच सुरू करावा. दुसऱ्या शहरात काय केले, काय दुखले, कोणती नवी हालचाल शिकलो, हे शिक्षकांना सांगावे. तेथील शिक्षकाने गुडघ्याविषयी काही सुचवले असेल तर तेही न विसरता.